रात्री दोनचा व्हॉल्व्ह आणि औषधांच्या कपाटाची चावी

चांदवड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४, शिक्षण बी. कॉम. घरची पाच एकर द्राक्षबाग, सव्वा-सव्वा एकराचे चार प्लॉट. तीन प्लॉट थॉमसन जातीचे, निर्यातीसाठी नोंदवलेले, आणि एक सोनाका जातीचा. पाणी विहिरीचं आणि ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याचं. ठिबक आठ वर्षांपूर्वीचं. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत यजमान अकराला मोटर लावतात आणि दोन वाजता उठून व्हॉल्व्ह बदलायला जातात. गेल्या हंगामात थॉमसनच्या एका प्लॉटचा माल फवारणीच्या औषधांच्या अवशेष तपासणीत नापास झाला आणि लोकल बाजारात मिळेल त्या भावानं द्यावा लागला. यंदा हातात दोन लाख रुपये आहेत. यजमानांना पाण्याचं ऑटोमेशन हवं आहे. कंट्रोलर, ओलाव्याचे सेन्सर आणि छोटं हवामान केंद्र धरून कोटेशन १ लाख ९० हजारांचं आहे. ताईंना शेतीचं सॉफ्टवेअर हवं आहे. वर्षाला १८ हजारांत फवारण्या, मजुरी, खर्च आणि प्लॉटनिहाय नफा एका जागी दिसेल. सासरे म्हणतात, दोन्ही राहू द्या, शेततळ्याला नवा कागद, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर, घाला. ताईंचा प्रश्न: ‘आधी काय घ्यावं आणि घरात कसं पटवावं?’

ताई, लागवडीचं अंतर आणि ड्रिपरचा आकडा तुम्ही पत्रात लिहिलात हे फार बरं केलंत. त्यामुळे सल्ल्याआधी थोडी आकडेमोड करता येते.

नऊ बाय पाच फूट म्हणजे एकरी ९६८ वेली. वेलीला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे एका एकराला तासाला ७,७४४ लिटर पाणी. तुमची मोटर दोन प्लॉट एकदम ओढते. तीन तास हे दोन, तीन तास ते दोन, असे सहा तासांत पाचही एकर भिजतात. वीज आठ तास असते. याचा अर्थ यजमानांना रात्रीत व्हॉल्व्ह एकदाच बदलायचा असतो. दोन उघडायचे, दोन बंद करायचे, आणि परत अंथरुणात.

हा त्रास किरकोळ आहे असं मी म्हणत नाही. रात्री दोनला बॅटरी घेऊन बोदावरून चालत जाणं, पायाखाली साप असेल का याचा विचार करणं, आपल्या जिल्ह्यात त्यात बिबट्याची भर, आणि सकाळी सहाला पुन्हा फवारणीच्या ब्लोअरवर बसणं. एवढं करणारा माणूस एखाद्या दिवशी औषधाचं माप चुकवणारच. पण १ लाख ९० हजारांचं कोटेशन नेमकं कशावर आलं आहे ते बघा. यजमानांनी झोप मागितली आणि विक्रेत्यानं त्यांच्यासमोर हवामान केंद्र ठेवलं.

तुम्हाला जे हवं आहे ते याहून बरंच साधं आहे. वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा, विहीर कोरडी पडली किंवा एखादा फेज गेला तर बंद करणारा आणि मोबाईलवर कळवणारा स्टार्टर. त्याच्या जोडीला प्रत्येक प्लॉटवर एक, असे चार विजेचे व्हॉल्व्ह आणि त्यांना ठरलेल्या वेळी उघडणारा-मिटणारा वेळेवरचा साधा कंट्रोलर. सेन्सर नको, हवामान केंद्र नको. एवढ्याच सामानाचं वेगळं कोटेशन मागवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. बसवणाऱ्याला एक गोष्ट नक्की विचारा: पाळी बदलताना आधी पुढचे व्हॉल्व्ह उघडून मग मागचे बंद होतात ना? उलट झालं तर सगळा दाब क्षणभर मेनलाइनवर येतो आणि आठ वर्षांच्या पाइपाचा जोड तिथेच सुटतो.

त्याआधी महावितरणच्या कार्यालयात एक चक्कर मारा. तुमचा फीडर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आहे का आणि असेल तर दिवसाची वीज कधी अपेक्षित आहे, एवढंच विचारायचं. २०२३ मध्ये या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला तो शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच. तुमच्या फीडरचा नंबर लवकर लागणार असेल, तर रात्री दोनचा प्रश्न यंत्राशिवायच सुटतो. आणि कोटेशनमध्ये ‘वीजबिलात बचत’ असा रकाना असेल तर त्यावर काट मारा. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्यात बिलच नाही. जे भरत नाही त्यात बचत कसली?

आता ज्या गृहीतावर तुमचा सगळा वाद उभा आहे त्याकडे वळतो. यजमानांना वाटतं, कंट्रोलर आला की पाणी नेमकं जाईल. ताई, कंट्रोलरला पाणी कळत नाही, त्याला घड्याळ कळतं. तीन तास सांगितले की तो तीन तास व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. शेवटच्या वेलीला काय मिळालं, हे त्याच्या गावीही नसतं.

तुमचं ठिबक आठ वर्षांचं आहे आणि पाणी विहिरीचं. क्षार साचले असणार, शेततळ्याच्या पाण्यानं शेवाळ आलं असणार. धरा की उताराच्या टोकाचे ड्रिपर चारऐवजी अडीच लिटर टाकतात. तीन तासांत वरच्या वेलीला २४ लिटर मिळतात आणि खालच्या वेलीला १५. मोबाईलवर मात्र दोघींपुढे हिरवी खूण येते: ‘सिंचन पूर्ण’. पूर्वी यजमान रात्री तिथून चालत जायचे, तेव्हा कोरडा पट्टा बॅटरीच्या उजेडात निदान दिसायचा तरी. ऑटोमेशननंतर तोही दिसेनासा होतो. लाखभराचं सामान बसवूनही बागेचं टोक पिवळंच राहिलं, असे तीन बागायतदार मला ठाऊक आहेत. तिघांच्याही बागेत दोष कंट्रोलरमध्ये नव्हता.

म्हणून सगळ्यात आधी ही तपासणी करा. हिला एक मोजपात्र, घड्याळ आणि घरातलं एक शाळकरी पोर पुरतं. प्रत्येक प्लॉटमध्ये चार लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळ्या, निवडा: पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची. प्रत्येकीवर याच अंतरांनी चार ड्रिपर. प्रत्येक ड्रिपरखाली सहा मिनिटं पाणी धरा. जितके मिली भरलं त्याला दहानं गुणलं की तासाचं पाणी निघतं, म्हणजे चार लिटरच्या ड्रिपरखाली ४०० मिली भरायला हवं. सोळा आकडे वहीत उतरवा. त्यातल्या सगळ्यात कमी चार आकड्यांची सरासरी काढा, तिला सोळाच्या सरासरीनं भागा आणि शंभरनं गुणा. उत्तर ९० च्या वर आलं तर ठिबक उत्तम आहे, खुशाल व्हॉल्व्ह बसवा. ७० च्या खाली आलं तर आधी ठिबक दुरुस्त करायचं. सँड फिल्टरच्या आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा दाब पाहायचा, फरक वाढला असेल तर उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा (बॅकवॉश), सबमेन आणि लॅटरलची टोकं उघडून फ्लश करायचं, क्षार असतील तर आम्ल प्रक्रिया, शेवाळ असेल तर क्लोरीन प्रक्रिया. ही दोन्ही औषधं कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. एका दिवशी एक करा, स्वच्छ पाणी सोडा आणि दुसरी नंतर.

मोटरच्या पुढे मेनलाइनवर एक पाण्याचा मीटरही बसवून घ्या. काही हजारांचं काम आहे. तास मोजून पाणी देणारी आपली पिढी आहे, पण वेल तास पीत नाही. पुढेमागे तुम्ही सौरपंप घेतलात तर हे आणखी जाणवेल. सकाळी नऊचा एक तास आणि दुपारी बाराचा एक तास यांत पंप सारखं पाणी फेकत नाही. तिथे घड्याळावरचा कंट्रोलर रोज वेगळं पाणी देईल आणि लिटरवरचाच उपयोगी पडेल.

तुमच्या पत्रात सासऱ्यांचं मत एका ओळीत येतं, तेही थोडं हसण्यावारी नेलेलं. मला ते इतक्यात सोडवत नाही. ३० बाय ३० चं, तीन मीटर खोल, उताराच्या काठांचं शेततळं म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी. पाच एकरांना रोज तीन तास द्यायचे तर १ लाख १६ हजार लिटर लागतात. उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर उघड्या तळ्यातून रोज ७,२०० लिटर नुसते हवेत जातात. विहिरीची साथ नसेल तर भरलेलं तळं जेमतेम १८ दिवस पुरतं. आणि कागद फाटला असेल तर तेही नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर चांदवडच्या उन्हात हे १८ दिवस म्हणजे काय, ते सासऱ्यांनी बघितलेलं आहे.

त्यांचं म्हणणं खरं की खोटं, हे एका दिवसात कळतं. मोटर बंद असताना तळ्याच्या काठावर पाण्यानं भरलेली बादली ठेवा. बादलीत आणि तळ्यात पाण्याच्या पातळीवर खूण करा. चोवीस तासांनी दोन्हीकडे किती उतरलं ते पट्टीनं मोजा. बादलीत उतरलं ते उन्हानं नेलं. तळ्यात त्याहून जास्त उतरलं असेल तर तो फरक गळतीचा. फरक दोन सेंटिमीटर निघाला तर रोज १८ हजार लिटर जमिनीत जात आहेत, म्हणजे एका एकराचं दोन तासांहून जास्त पाणी. तसं असेल तर ताई, दोन लाखांवर पहिला हक्क कागदाचा आहे, आणि तुमच्या दोघांच्याही यंत्रांनी रांगेत उभं राहावं. पाणी नसेल तर कंट्रोलर कोरडी हवा सोडेल आणि सॉफ्टवेअर तिची नोंद ठेवेल.

सेन्सरबद्दल थोडं माझ्या अंगाशी आलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या काळ्या जमिनीच्या प्लॉटमध्ये ओलाव्याचे सेन्सर बसवले. पहिले दोन महिने रोज सकाळी चहाच्या आधी मी आलेख बघायचो. पुढे जमीन भेगाळली. काळी माती वाळली की आकसते, आणि सेन्सरभोवती बोटभर पोकळी तयार झाली. सेन्सरला माती लागेना, तो हवेतला कोरडेपणा मोजू लागला. मशीन म्हणे पाणी द्या, मी म्हटलं द्या. नेमकं मण्यात पाणी उतरण्याच्या दिवसांत बाग तीन रात्री जास्तीचं पाणी प्याली. मणी तडकले, घडात कूज शिरली. शेजारचा बागायतदार नुसता ढेकूळ हातात दाबून पाणी ठरवायचा, त्याची बाग साफ होती. सेन्सर बनवणाऱ्याला मी दोष देत नाही. तो कुठे, किती खोल आणि कोणत्या मातीत घालायचा, हे मीच शिकलो नव्हतो.

सेन्सरची हौस असेल तर दोन टेन्शिओमीटर घ्या, एक ३० सेंटिमीटरवर आणि एक ६० वर. ही मातीत रोवायची नळी, माती वाळत गेली की तिच्यावरचा आकडा चढतो. वरचा आकडा चढत असताना खालचा स्थिर असेल तर पांढऱ्या मुळीच्या पट्ट्यात पाणी संपतंय, खाली ओल आहे. खालचा सतत शून्याजवळ असेल तर तुम्ही मुळांच्या खाली पाणी पाठवताय, आणि त्या पाण्याबरोबर विद्राव्य खतंही. यात वायर नाही, सिमकार्ड नाही, वर्षाचं भाडं नाही. फक्त रोज सकाळी जाऊन बघायचं, आणि ते काम सासऱ्यांना द्या. पाण्याचा निर्णय आज त्यांच्या डोळ्यांत आहे. शेंडा चालतो की थांबला, पानाचा पोत कसा, हे ते बघतात. खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांच्या सुमारास सूक्ष्मघडनिर्मितीसाठी पाणी तोडायचं, तेव्हा कुठलंही यंत्र त्यांच्याइतकं नेमकं सांगणार नाही. त्यांच्या अंदाजाशेजारी आकडा लिहिला गेला तर ती जाणती नजर निदान घरात राहील.

आता तुमच्या बाजूचं. सॉफ्टवेअर हवं असण्याचं कारण तुम्ही ‘प्लॉटनिहाय नफा’ असं लिहिलंय. पण त्याच पत्रात जाता जाता एक वाक्य आहे: ‘माझ्या वहीत सगळं आहे, पण ती कुणी उघडत नाही.’ मला वाटतं, तुमचं खरं पत्र तेवढंच आहे.

वही कुणी उघडत नसेल, तर ॲप कोण उघडेल? कदाचित उघडतीलही. स्क्रीनवर रंगीत आलेख आले की माणसं थोडे दिवस बघतात. पण १८ हजार रुपये भरून तुम्ही आणखी एक जागा तयार कराल, जिथे नोंद करणाऱ्या तुम्ही एकट्या आणि निर्णय मात्र अंगणात, तुमच्या मागे. गेल्या वर्षीच्या नापास प्लॉटचंच बघा. तुम्ही लिहिलंय की चौकशीअंती कळलं, एकच घटक दोन वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून दोनदा फवारला गेला होता, आणि दुसरी फवारणी काढणीच्या जवळ आली होती. तुमच्या वहीत दोन्ही नोंदी होत्या. दोन कंपन्यांची नावं, दोन तारखा. चूक वहीत दिसत होती, पण डब्याच्या नावाखाली दडलेली. आणि ती कळली माल नापास झाल्यावर. या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये असत्या तरी त्याच नावांनी, त्याच उशिरानं गेल्या असत्या.

तेव्हा नोंदीची जागा बदलण्याआधी तिची वेळ बदला. औषधांच्या कपाटाला कुलूप लावा आणि चावी तुमच्याकडे ठेवा. निर्यातीच्या बागेत औषधं कुलपात ठेवणं तसंही अपेक्षितच असतं. डबा बाहेर काढण्याआधी वहीत पाच गोष्टी लिहायच्या: प्लॉट, छाटणीपासूनचा दिवस, डब्यावरच्या नावाबरोबर आतला सक्रिय घटक, मात्रा आणि काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस. जोड बुरशीनाशक असेल तर दोन्ही घटक. मग मागची पानं उलटून तोच घटक आधी कधी आला ते बघायचं आणि काढणीच्या अंदाजे तारखेपासून दिवस मोजायचे. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या द्राक्षांसाठी औषधांची यादी काढतं, त्यात हे सगळं असतं. तिची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आकडे जुळले की चावी फिरेल. ब्लोअरवाला दारात घाई करत असला तरी.

यजमानांना हे सुरुवातीला जाचेल. एखाद्या सकाळी डाऊनी रोगाची धास्ती, आभाळ भरलेलं, आणि तुम्ही पान उलटत बसलेल्या, असंही होईल. पण सासरे तुमच्या बाजूनं उभे राहतील असा माझा अंदाज आहे. २०१० मध्ये वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. तो हंगाम नाशिकच्या त्यांच्या वयाच्या बागायतदाराला विसरता येणार नाही. एका घटकापायी काय होतं ते त्यांना सांगावं लागणार नाही, नुसती आठवण काढा.

ही वही गोडी छाटणीपासून, म्हणजे घड धरण्यासाठीच्या छाटणीपासून, काढणीपर्यंत एक हंगाम चालवा. खाडे न पडता चालली, तर एप्रिलमध्ये सॉफ्टवेअर जरूर घ्या. तेव्हा तुम्हाला नेमकं काय हवं ते कळलेलं असेल आणि विक्रेत्याला तुमचे प्रश्न जड जातील. बागेत रेंज नसताना नोंद होते का? मराठीत आहे का, की बटणं मराठीत आणि औषधांची नावं इंग्रजीत? घटकानुसार शोधता येतं का, काढणीपूर्व कालावधी मोडत असेल तर ते आधीच अडवतं का? भाडं भरणं थांबवलं तर माझ्या नोंदी एक्सेलमध्ये माझ्या हातात मिळतात का? शेवटचा प्रश्न लेखी विचारा. अपेडाच्या ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत, तुमचे प्लॉट नोंदलेले आहेत, पण तिथली नोंदणी म्हणजे घरचा हिशेब नव्हे. तुमच्या पाच वर्षांच्या फवारण्या दुसऱ्याच्या कुलपात अडकू नयेत.

आणि वही हंगामाच्या मध्येच थांबली, घड बुडवण्याच्या आणि विरळणीच्या (डिपिंग-थिनिंग) गर्दीत पंधरा दिवस कोरे गेले, तर वाईट वाटून घेऊ नका. फक्त १८ हजार वाचले असं समजा. तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत, चार रंगांच्या पेनांनी भरलेली डायरी मी इतक्या घरांत पाहिली आहे की मला आता पेनच्या शाईवरून तारीख ओळखू येते. अशा घरात सॉफ्टवेअर आलं तर त्या रात्रीचं काम फक्त जलद होतं.

नफ्याचा हिशेब मात्र वहीतही होतो. चार प्लॉट, चार पानं. एक सांगतो, त्यात यजमानांची, सासऱ्यांची आणि तुमची मजुरी धरा, बाहेरच्या मजुराला देता त्याच दरानं. तो रकाना नसलेलं सॉफ्टवेअर सोनाकाच्या प्लॉटला फायद्यात दाखवेल आणि तुम्ही तिघं तिथे फुकट राबत असाल.

पैशांचा वाद खरं तर नाहीच. वर्षाला १८ हजार म्हणजे पाच वर्षांत ९० हजार. ऑटोमेशनचे १ लाख ९० हजार एकदाच दिसतात, पण उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, जळालेली कॉइल आणि पावसाळ्यात विजेच्या कडकडाटानं गेलेलं कार्ड पुढे वर्षानुवर्षं मागत राहतं. दोन्हीची गाठ एकाच दोन लाखांशी घातल्यामुळे तुमच्या घरात मॅच लागली आहे. मी असतो तर हा क्रम लावला असता. या महिन्यात ड्रिपरची मोजणी आणि तळ्याची बादली. गळती निघाली तर कागद. मग मीटर, फिल्टरची डागडुजी आणि मोबाईल स्टार्टर. गोडी छाटणीआधी पैसे उरले तर वेळेवरचे चार व्हॉल्व्ह, आणि प्रत्येकाला हातानं उघडता येईल अशी सोय, कारण पोंगा अवस्थेत, म्हणजे नवे कोंब फुटताना, कंट्रोलर बंद पडला तर मेकॅनिकची वाट बघता येत नाही. तो मेकॅनिक पिंपळगावात बसतो की पुण्यात, हेही विचारून ठेवा. वही आजपासून. सॉफ्टवेअर एप्रिलमध्ये. सेन्सर आणि हवामान केंद्र सर्वांत शेवटी, गरज वाटलीच तर.

अनुदान बघणार असाल तर राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर आधी अर्ज आणि पूर्वसंमती, मग खरेदी. बिल आधी फाडलं की नंतर कुणी विचारत नाही. तुमच्या जुन्या ठिबकला अनुदान घेतलेलं असेल, तर त्याच क्षेत्रावर पुन्हा कधी मिळतं आणि ऑटोमेशन कशात बसतं, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून कळेल.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांची शेती वेगळी असेल. पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटवर (नारळाच्या भुशावर) गुलाब किंवा ढोबळी मिरची असेल, तर क्रम उलटा लावा. तिथे माध्यमात पाणी काही तासांपुरतंच असतं, दिवसातून अनेक छोट्या पाळ्या लागतात, त्या माणसानं सांभाळणं कठीण, म्हणून कंट्रोलर आधी. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांना बहाराचा ताण नीट धरायचा असेल, तर मीटर आणि तारखांची वही पुरते. पाटपाण्यावर ऊस असेल, तर या दोन्हींचा विचार ठिबक आल्यावर करा. आणि वीस-पंचवीस एकर, चार ठिकाणी विखुरलेली बाग, दोन मुकादम असं असेल, तर सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून कामाचं आहे, कारण तिथे मालकाला बागेत काय झालं हेच संध्याकाळपर्यंत कळत नसतं.

ताई, घरात पटवायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. पटवायला बसू नका. रविवारी सकाळी मोटर लावा आणि तिघं मिळून मोजणी करा. यजमान लॅटरल निवडतील, सासरे ड्रिपरखाली पात्र धरतील, आकडे तुम्ही लिहा. चार प्लॉटचे चौसष्ट आकडे होतात, एका पात्रानं जवळपास दिवसभराचं काम आहे. संध्याकाळी काठावर बादली ठेवा. सोमवारी जे निघेल ते मला कळवा. शेवटच्या लॅटरलचे आकडे तीनशेच्या खाली असतील, तर यजमानांना सांगा, त्या विक्रेत्याला या आठवड्यात फोन करू नका.